दोर, शंकू आणि सावली

काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू ठाऊक असल्या की तिसरी काढता येते. एकाच घडणीचे दोन लहानमोठे काटकोन त्रिकोण सापडले, की लहानावरून मोठ्याचे माप सांगता येते. प्राचीन भारतातल्या मोजणीचा जवळजवळ सगळा इतिहास या दोन गोष्टींवर उभा आहे. काटकोनाची आडवी बाजू म्हणजे भुज, उभी बाजू म्हणजे कोटी आणि तिरपी बाजू म्हणजे कर्ण. या तिघांच्या आधाराने आधी जमीन आखली गेली, मग खांबाची उंची व पाण्याची खोली काढली गेली आणि त्याच रीतीने सूर्याची उंची व गावाचा अक्षांशही निघाला. यज्ञभूमीवर मोजायचा प्रत्येक बिंदू हाताशी होता. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हात न पोचणाऱ्या गोष्टींचा वाटा वाढत गेला. न शिवता मोजण्याची ही कला शुल्बसूत्रांपासून भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’पर्यंत पायरी-पायरीने घडली.

यज्ञभूमीवरचा दोर

शुल्बसूत्रे हा कल्पसूत्रांचा भाग. बौधायन, मानव, आपस्तंब आणि कात्यायन यांची शुल्बसूत्रे त्यांत प्रमुख असून त्यांचा काळ साधारणपणे इ. स. पूर्व ८०० ते २०० असा धरला जातो. यज्ञवेदी कशा आखाव्यात आणि विटांच्या चिती कशा रचाव्यात, याचे नियम त्यांत आहेत. पंख पसरलेल्या पक्ष्याच्या आकाराची श्येनचिती पाच थरांची, प्रत्येक थरात २०० विटा आणि क्षेत्रफळ साडेसात वर्ग पुरुष. हात वर करून उभ्या राहिलेल्या यजमानाची उंची म्हणजे एक पुरुष. तो १२० अंगुळांचा मानला जाई. क्षेत्रफळ आणि विटांची संख्या आधीच ठरलेली असल्यामुळे एखादा कोपरा चुकला तर पुढची सारी रचना बिघडे. काटकोन अचूक हवा, ही गरज इथून आली.

आयताच्या कर्णावरचा चौरस हा दोन्ही बाजूंवरच्या चौरसांच्या बेरजेइतका असतो, हा नियम बौधायनाने स्पष्ट सांगितला आहे. त्याला जोडून त्याने ३ व ४, १२ व ५, १५ व ८, ७ व २४, १२ व ३५, १५ व ३६ अशा बाजूंच्या जोड्या दिल्या आहेत. या प्रत्येक जोडीचा कर्ण पूर्णांकात येतो. अशा संख्या त्याच्याही कित्येक शतके आधी बाबिलोनियातल्या मातीच्या पाट्यांवर कोरल्या गेल्या होत्या. भारतीय ग्रंथांत मात्र त्या थेट आखणीच्या कामासोबत येतात.

ते काम कसे चाले, हे आपस्तंबाने सांगितलेल्या महावेदीच्या आखणीत दिसते. महावेदी समलंब चौकोनाची. तिची पूर्व-पश्चिम लांबी ३६ प्रक्रम (पावले), पश्चिमेची बाजू ३० आणि पूर्वेची २४. आधी पूर्व-पश्चिम रेषेच्या दोन टोकांवर ३६ प्रक्रमांवर खुंट्या ठोकायच्या. मग ५४ प्रक्रमांचा दोर घेऊन त्यावर एका टोकापासून १५ प्रक्रमांवर खूण करायची. दोराची टोके दोन खुंट्यांना अशी बांधायची, की १५ चा भाग पश्चिमेच्या खुंटीकडे येईल. खुणेला धरून दोर बाजूला ताणला की एका बाजूला १५ आणि दुसऱ्या बाजूला ३९ प्रक्रम उरतात. १५, ३६ आणि ३९ या बाजू काटकोनच करतात, म्हणून खूण जिथे टेकते तिथे वेदीचा पश्चिमेचा कोपरा मिळतो. दोर दुसऱ्या बाजूला ताणून दुसरा कोपरा घ्यायचा. नंतर टोकांची अदलाबदल करून पूर्वेलाही तीच कृती करायची. फक्त तिथे १५ ऐवजी १२ प्रक्रमांवर खुंटी ठोकायची, कारण पूर्वेची बाजू २४ ची आहे. एक दोर आणि मोजक्या खुंट्या एवढ्यावर वेदी आखून होते. आपल्याकडचे गवंडी पायाची आखणी करताना ३, ४, ५ च्या मापाने कोपरा गुण्यात घेतात, त्यामागे हाच नियम आहे.

चौरसाच्या कर्णासाठी पूर्णांक मिळत नाही. तिथे शुल्बकारांनी बाजूत तिचा तिसरा भाग मिळवायला, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग पुन्हा मिळवायला आणि या शेवटच्या भागाचा चौतिसावा भाग वजा करायला सांगितले. बाजू १ धरली तर उत्तर ५७७/४०८, म्हणजे १.४१४२१६ येते. खरी किंमत १.४१४२१४ च्या जवळ आहे. दोराच्या आखणीत एवढा फरक कोणालाही दिसणार नाही.

वेदीसाठी दिशाही अचूक हवी. कात्यायनाने त्यासाठी शंकू, म्हणजे उभी रोवलेली सरळ काठी, वापरला आहे. सपाट जमिनीवर शंकू रोवायचा आणि त्याच्या उंचीइतक्या दोराने त्याच्याभोवती वर्तुळ काढायचे. सकाळी सावली आखडत येताना तिचे टोक वर्तुळाला एका जागी शिवते आणि दुपारनंतर लांबत जाताना दुसऱ्या जागी. हे दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. इथे सावली फक्त दिशा दाखवत होती. तिची लांबी मोजून हिशेब करणे ही पुढची पायरी.

आर्यभटाचा दिवा

ती पायरी इ. स. ४९९ मधल्या ‘आर्यभटीया’त ठळकपणे दिसते. आर्यभटाने हा ग्रंथ वयाच्या तेविसाव्या वर्षी रचला. गणितावरच्या त्याच्या अवघ्या ३३ श्लोकांत भुज, कोटी व कर्ण यांचा वर्गनियम आहे आणि त्याच्या आधी सावलीच्या हिशेबाचे दोन नियम आहेत. त्याहून आधी जमीन पाण्याने समपातळीत आहे की नाही ते पाहावे आणि उभी रेषा ओळंब्याने साधावी, असेही त्याने सांगून ठेवले आहे. शंकू कलला किंवा जमीन उतरती असली, तर पुढचे गणित कितीही बिनचूक केले तरी वाया जाते.

पहिला नियम असा. खांबावर दिवा आहे आणि त्यापासून काही अंतरावर शंकू उभा आहे. शंकूच्या माथ्यातून खांबाकडे आडवी रेषा काढली, की एक मोठा काटकोन त्रिकोण तयार होतो. त्याची कोटी म्हणजे दिव्याची उंची वजा शंकूची उंची आणि भुज म्हणजे दोघांमधले अंतर. शंकू आणि त्याची सावली यांचा लहान त्रिकोण त्याच घडणीचा असतो. म्हणून शंकूच्या उंचीला अंतराने गुणून दोन उंचींच्या फरकाने भागले की सावली मिळते. सावली मोजली असेल तर उलट हिशेबाने दिव्याची उंची निघते.

या रीतीसाठी खांबाच्या बुंध्यापर्यंत जाता यायला हवे. दुसऱ्या नियमाने ती अडचणही दूर केली. दिव्याच्या एकाच बाजूला, एकाच ओळीत दोन ठिकाणी शंकूची सावली मोजायची. दोन सावल्यांच्या टोकांमधले अंतर घ्यायचे, त्याला सावलीने गुणायचे आणि सावल्यांच्या फरकाने भागायचे. त्या सावलीच्या टोकापासून खांबाच्या बुंध्यापर्यंतचे अंतर मिळते आणि त्यावरून दिव्याची उंची. बुंध्यापर्यंत न जाता बुंध्याचे अंतर सांगणारी ही युक्ती मोजणीच्या इतिहासातला मोठा टप्पा आहे. चीनमध्ये लिऊ हुई या गणितज्ञाने इ. स. २६३ मध्ये समुद्रातल्या बेटाची उंची दोन काठ्यांवरून काढण्याची अशीच रीत लिहून ठेवली होती.

याच साधनाने आर्यभट आकाशाकडे वळतो. १२ अंगुळांचा शंकू ही कोटी, सावली हा भुज आणि शंकूच्या माथ्यापासून सावलीच्या टोकापर्यंतची रेषा हा कर्ण. हाच त्रिकोण वाढवून आकाशगोलाच्या त्रिज्येइतक्या कर्णाचा केला, की सूर्याची उंची कळते. त्यासाठी ३४३८ कला त्रिज्येच्या वर्तुळासाठी पावणेचार-पावणेचार अंशांनी वाढणाऱ्या कोनांच्या २४ ज्या (साइनच्या किमती) त्याच्याकडे तयार होत्या. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. वर्तुळाच्या परिघात २१,६०० कला असतात. त्यावरून त्रिज्या ३४३८ कला येते.

विषुवदिनी मध्यान्ही पडणारी १२ अंगुळी शंकूची सावली म्हणजे त्या गावाची पलभा. पुण्याची पलभा जवळपास ४ अंगुळे येते. मग कर्ण सुमारे १२.६५ अंगुळे. ४ ला ३४३८ ने गुणून या कर्णाने भागले की १०८७ ही ज्या मिळते आणि तिच्यावरून १८ अंश २६ कला हा अक्षांश. पुण्याचा अक्षांश साधारण १८ अंश ३१ कला आहे. एका काठीच्या चार अंगुळांच्या सावलीवरून जागेचा अक्षांश पाच कलांच्या, म्हणजे सुमारे नऊ किलोमीटरांच्या, फरकाने निघतो.

पाण्यातले प्रतिबिंब, वाऱ्याने मोडलेला बांबू

सातव्या शतकात या विषयाला आणखी दोन दिशांनी वाढ मिळाली. भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ रचला आणि त्यात शंकू-छायेच्या प्रश्नांना वेगळा अध्याय दिला. सावलीसाठी दिवा किंवा ऊन हवे. ब्रह्मगुप्ताने सावलीच्या जागी पाण्यातले प्रतिबिंब घेतले. जमिनीवर पाणी ठेवायचे आणि त्यात घराचा माथा दिसेल अशा जागी उभे राहायचे. प्रकाश पाण्यावर ज्या कोनात पडतो त्याच कोनात परत फिरतो, म्हणून घर व पाणी यांचा त्रिकोण आणि पाणी व डोळा यांचा त्रिकोण एकाच घडणीचे होतात. घरापर्यंतचे अंतर मोजता येत नसेल तर पाणी दोन ठिकाणी ठेवून दोनदा पाहायचे. पाण्याच्या दोन जागांमधल्या अंतराला डोळ्याच्या उंचीने गुणायचे आणि दोन्ही वेळच्या माणूस-पाणी अंतरांच्या फरकाने भागायचे. घराची उंची मिळते.

पुढच्याच वर्षी, इ. स. ६२९ मध्ये, पहिल्या भास्कराने ‘आर्यभटीया’वर भाष्य लिहिले. आर्यभटाच्या आटोपशीर नियमांना त्याने उदाहरणांची जोड दिली. १८ हात उंचीचा बांबू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुडापासून ६ हातांवर टेकला, तर तो किती उंचीवर मोडला? उभा राहिलेला भाग कोटी, पडलेला भाग कर्ण. दोघांची बेरीज १८ आणि भुज ६. भुजाच्या वर्गाला बेरजेने भागले की कर्ण व कोटी यांचा फरक मिळतो, इथे २. म्हणून कर्ण १० आणि कोटी ८. बाजू सुट्या मोजता येत नसल्या तरी त्यांची बेरीज किंवा फरक ठाऊक असला तर पुरते, हे या उदाहरणांनी विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवले. मोडलेला बांबू, उंदरावर झेप घेणारा ससाणा, पाण्यातले कमळ हे विषय पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिले.

लीलावती

या सगळ्या परंपरेला पूर्ण, सुबक रूप दिले ते दुसऱ्या भास्कराचार्यांनी. त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. सह्याद्रीजवळचे विज्जडविड हे आपले गाव असल्याचे त्यांनी स्वतः लिहिले आहे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा केला. ‘लीलावती’ हा त्याचा पहिला भाग. त्यात ८ यवांचे अंगुळ, २४ अंगुळांचा हात आणि ४ हातांचा दंड अशी मापे आधी सांगितली आहेत. पुढे क्षेत्रव्यवहार, खड्ड्यांची खोदाई, विटांच्या राशी, लाकडाची कापणी, धान्याचे ढीग आणि शेवटी छाया असे व्यवहार येतात. त्या काळी ज्याला ज्याला मोजणी लागे, त्याचे काम इथे होते.

क्षेत्रव्यवहारात बांबू ३२ हातांचा आहे आणि शेंडा १६ हातांवर टेकतो. तो १२ हातांवर मोडल्याचे निघते. ९ हातांच्या खांबावर बसलेला मोर २७ हातांवरून खांबाच्या बुडाशी असलेल्या बिळाकडे येणाऱ्या सापावर झेप घेतो आणि दोघे सारख्या वेगाने गेले तर बिळापासून १२ हातांवर भेटतात. कमळाचे उदाहरण थेट मोजणीचेच आहे. तळ्यात कमळाची कळी पाण्यावर एक वीत वर आहे. वाऱ्याने ती हलते आणि दोन हातांवर पाण्यात बुडते. वीत म्हणजे अर्धा हात. दोनाच्या वर्गाला अर्ध्याने भागले की ८. त्यातून अर्धा वजा करून निम्मे केले की पावणेचार हात. तळाला न शिवता, पाण्यात न उतरता तळ्याची खोली हाती येते.

दोन बांबूंचे उदाहरणही मोलाचे आहे. १५ आणि १० हातांचे दोन बांबू समोरासमोर उभे आहेत आणि प्रत्येकाच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या बुडाला दोरी बांधली आहे. दोऱ्या एकमेकींना कुठे छेदतात? दोन्ही उंचींच्या गुणाकाराला बेरजेने भागले की ६ हात. बांबूंमधले अंतर कितीही असले तरी उत्तर बदलत नाही. कोणते माप घ्यायलाच नको, हे ओळखणे हेही मोजणाऱ्याचे कसब असते, आणि भास्कराचार्यांनी ते शिकवले आहे.

कर्णाचा वर्गनियम खरा का, हे त्यांनी आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात दाखवले. १५ भुज आणि २० कोटी असलेले चार त्रिकोण कर्ण बाहेर येतील असे मांडले की मध्ये ५ बाजूचा लहान चौरस उरतो. चार त्रिकोणांचे क्षेत्रफळ ६००, लहान चौरसाचे २५. एकूण ६२५, म्हणजे २५ चा वर्ग. आकृती समोर मांडली की कर्ण २५ का, हे डोळ्यांना दिसते.

छायाव्यवहारात आर्यभटाचा दिवा पुन्हा येतो, आता आकड्यांसह. १२ अंगुळांच्या शंकूची सावली ८ अंगुळे आहे. शंकू त्याच ओळीत २ हात पुढे नेला तर ती १२ अंगुळे होते. दोन हात म्हणजे ४८ अंगुळे. सावली ४ अंगुळांनी वाढली, म्हणून सावल्यांच्या टोकांमधले अंतर ५२. त्याला शंकूच्या १२ अंगुळांनी गुणून सावल्यांच्या फरकाने, म्हणजे ४ ने, भागले की दिव्याची उंची १५६ अंगुळे, साडेसहा हात.

या रीतीची नाजूक जागाही याच आकड्यांत दिसते. दुसरी सावली मोजताना अर्ध्या अंगुळाची चूक होऊन ती १२ ऐवजी साडेबारा भरली, तर टोकांमधले अंतर साडेबावन्न, फरक साडेचार आणि उंची १४० अंगुळे येते. अर्ध्या अंगुळाची चूक उत्तरात १६ अंगुळांची होते. दोन सावल्यांचा फरक जितका लहान, तितकी चूक मोठी. शिवाय सावलीची कड नेहमी थोडी पुसट असते. म्हणून दोन जागांमधले अंतर जमेल तेवढे जास्त ठेवणे आणि शंकू ओळंब्यात उभा करणे यांवर सारे अवलंबून असते.

‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात भास्कराचार्यांनी अनेक यंत्रे वर्णिली आहेत. त्यांत सर्वांत साधे आणि त्यांना सर्वांत प्रिय म्हणजे धीयंत्र, बुद्धीचे यंत्र. हातात फक्त एक सरळ काठी हवी. सावली नको, दिवा नको. काठीचे एक टोक डोळ्याशी धरून दुसरे बांबूच्या बुडाच्या रोखाने न्यायचे. काठीच्या दोन टोकांच्या जमिनीपासूनच्या उंचींतला फरक ही कोटी आणि टोकांच्या पायथ्यांमधले अंतर हा भुज. समजा डोळा ७५ अंगुळांवर आहे, काठी ६५ अंगुळांची आहे आणि बुडाकडे रोखल्यावर कोटी २५ व भुज ६० आला. मग बांबू ७५ गुणिले ६० भागिले २५, म्हणजे १८० अंगुळांवर आहे. आता काठी शेंड्याकडे रोखली आणि कोटी ३९ व भुज ५२ आला, तर शेंडा डोळ्याच्या वर १३५ अंगुळे. त्यात डोळ्याची उंची मिळवली की बांबू २१० अंगुळांचा, म्हणजे पावणेनऊ हातांचा. बांबूकडे एक पाऊलही न टाकता त्याचे अंतर आणि उंची दोन्ही मिळाली.

पाटण, नांदगाव, मुंबई

भास्कराचार्यांचे गणित ग्रंथात बंद राहिले नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांच्या कुळाची माहिती आहे. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ स्थापला आणि त्या मठाला शके ११२८ च्या सुमारास दाने मिळाली, असे त्या लेखात आहे. गणिताच्या ग्रंथांसाठी अशी कायमची सोय होणे ही महाराष्ट्राच्या विद्यापरंपरेतली अभिमानाची गोष्ट आहे.

सोळाव्या शतकात कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ही परंपरा पुढे नेली. १५४५ मध्ये त्यांनी ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहून नियमांमागची उपपत्ती दिली. त्याआधीच्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथात त्यांनी कोनांच्या ज्या न वापरता ग्रहगणित केले. मात्र पलभा त्यांनी सोडली नाही. दिनमानासाठी लागणारी चरखंडे काढायला पलभेला १०, ८ आणि ३⅓ यांनी गुणायचे, हा त्यांचा हिशेब पंचांगकर्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरला. १५८७ मध्ये अकबराच्या आज्ञेवरून फैजीने ‘लीलावती’ फारसीत आणली, १८१६ मध्ये जॉन टेलर यांचे इंग्रजी भाषांतर मुंबईत छापले गेले आणि १८१७ मध्ये कोलब्रुक यांचे लंडनमध्ये.

याच सुमारास हिंदुस्थानच्या जमिनीवर मोजणीचे नवे पर्व सुरू झाले होते. विल्यम लॅम्बटन यांनी १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची पायारेषा मोजायला घेतली आणि तिच्यावरून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकत गेली. हे काम चालू असतानाच १८२३ मध्ये वर्धा भागातल्या हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. शंकूची जागा आता थिओडोलाइटने घेतली होती आणि सावलीऐवजी दुर्बिणीतून कोन वाचला जात होता. मोजणीचे तत्त्व मात्र तेच राहिले. दोन हातांच्या अंतरावरून दिव्याची उंची काढताना अर्धे अंगुळ जेवढे महाग पडे, तेवढे पडू नये म्हणून पायारेषा मैलांची घेतली गेली आणि कोन विकलेपर्यंत वाचला गेला. जवळचे आणि हाताशी असलेले एक माप जितके काटेकोर, तितके दूरचे उत्तर भरवशाचे, ही आर्यभटाच्या दिव्यापासूनची शिस्त या मोजणीतही पाळली गेली.